ट्यूरिनची सर नाही

चंद्रहासला ट्यूरिनमध्ये जे हॉट चॉकलेट मिळालं, ते मला आयुष्यात कधी मिळालंच तर मी पिणार नाही. त्याच्या डोक्यावर ओतणार. हे माझं तेव्हाच ठरलं होतं.

चंद्रहास म्हणजे माझ्या नवऱ्याचा, धवलचा, मामेभाऊ. इथे हॉलंडमध्ये आइंडहोव्हनला चिप बनवणाऱ्या मशिनांवर काम करतो, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट आपल्याला मोजता येते असं त्याला वाटतं. कोरोनाच्या आधी तो एकदा ट्यूरिनला गेला होता. एकदाच. शनिवार-रविवार. पण तेव्हापासून त्याच्यासमोर कुणी साधं दुधात कोको ढवळून प्यायलं तरी तो डोळे मिटून म्हणतो, "चांगलं आहे. पण ट्यूरिनची सर नाही."

एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण मला वास येत नव्हता, आणि वास न येणाऱ्या माणसासमोर चवीच्या गप्पा मारणं म्हणजे टकल्याला कंगवा दाखवणं.

दोन हजार एकवीसच्या मार्चमध्ये मला कोरोना झाला. सौम्य. दुसऱ्याला झालेला कोरोना नेहमी सौम्यच असतो. ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना माझा वास घेऊन गेला. पाडव्याला धवलने घरी चक्का बांधून श्रीखंड केलं, केशर घालून, वेलची घालून. मी चमचा तोंडात घातला आणि वाटलं, कुणीतरी शेव्हिंग क्रीममध्ये पिठीसाखर कालवली आहे. जिभेला गोड कळत होतं, आंबट कळत होतं. त्यातलं श्रीखंड तेवढं गायब होतं.

हाउसआर्ट्सकडे गेले. म्हणजे आमची इथली फॅमिली डॉक्टर. तिने माझ्याकडे कमी आणि स्क्रीनकडे जास्त बघत सांगितलं, "येईल परत."

"कधी?"

"आला की कळेल तुम्हाला. तोपर्यंत ओळखीचे वास हुंगत राहा. आणि डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल."

डोकं दुखत नव्हतं. तिच्याकडून निघाल्यावर दुखायला लागलं.

घरात मात्र या बातमीचा ताबडतोब उपयोग झाला. "इरा, ओल्या कचऱ्याची बादली तू नेतेस का? तुला काय, वास येत नाही," धवल म्हणाला. बादलीच्या मागोमाग बाथरूमची तुंबलेली जाळी आली. मग रविवारी सुकट भाजायचं काम आलं, तेही खिडक्या लावून, कारण आम्स्टरडॅमला खेटून असलेल्या आमच्या डीमनच्या बिल्डिंगमध्ये सुकटीवरून आधी एक मीटिंग झालेली होती. ठाण्याहून फोन यायचे. "बरंच झालं की गं, वजन उतरेल." "माझ्या जावेच्या बहिणीला तर अजून येत नाही." याला आपल्याकडे धीर देणं म्हणतात.

मला श्रीखंड नको होतं. सुकट तर नकोच होती. मला एकच वास परत हवा होता.

माझं ऑफिस आम्स्टरडॅमच्या दुसऱ्या टोकाला, स्लोटरडाइक स्टेशनापाशी. काचेच्या इमारती, एकावर एक रूळ, आणि छत्री उघडली तर मालकासकट घेऊन जाईल असा वारा. त्या स्टेशनाचं कौतुक करण्यासारखं काही नाही, एक गोष्ट सोडून. पलीकडे बंदराच्या बाजूला कोकोचे कारखाने आहेत, आणि वारा तिकडून सुटला की प्लॅटफॉर्मवर पाय ठेवताक्षणी कोकोचा वास येतो. चॉकलेटसारखा गोड नाही. भाजका, दाट, थोडा कडवट, आख्खा प्लॅटफॉर्म कढईत घालून परतल्यासारखा. कितीही वाईट दिवस असू दे, साहेबाने झापलेलं असू दे, संध्याकाळी परतीच्या गाडीची वाट बघताना तो वास असायचा. सगळे घरून काम करायला लागले तरी माझी तिथली मैत्रीण सुरेखा अधूनमधून ऑफिसला जायची आणि मला मेसेज करायची, "आज जोरात आहे." मेसेज आला की मी लॅपटॉप बंद करून डीमनहून निघायचे. प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन, मास्क हनुवटीवर घेऊन, विमानतळावरच्या कुत्र्यासारखी हुंगत उभी राहायचे. काही नाही. नुसती गार हवा. एकदा एक तिकीट तपासनीस जवळ येऊन विचारून गेला, तुम्हाला कुणाशी बोलावंसं वाटतंय का.

म्हणून मी ठरवलं. ओळखीचे वास हुंगायचे ना, मग डबीत नाक घालून घरात कशाला बसायचं? युरोपात जिथे जिथे उत्तम हॉट चॉकलेट मिळतं तिथे जायचं, प्रत्येक कपात नाक घालायचं. कुठल्या तरी कपात ते सापडेलच. दिवाळीनंतर सुट्टी टाकली. ब्रुज, पॅरिस, ट्यूरिन, शेवटी व्हिएन्ना. मी आणि धवल. दोघंच.

दोघंच हा शब्द आमच्या कुटुंबात कुणाला ऐकू जात नाही.

ऑक्टोबरमध्ये सासूबाई आल्या. जयंतीबाई, मुक्काम ठाणे. बॅगेत काय काय होतं? लॅमिनेट केलेलं लशीचं सर्टिफिकेट. सोसायटीने घाऊक घेतलेल्या ताप मोजायच्या बंदुकांपैकी एक, चंद्रहासला भेट म्हणून. दोन किलो ओवा. आणि तो स्टीलचा फ्लास्क.

फ्लास्क पहिल्या लाटेपासून काढ्याच्या ड्युटीवर होता. ओवा, सुंठ, मिरी, लवंग, तुळस. रोज सकाळी भरायचा, दिवसभर घोट घोट घ्यायचा. "आईने यात नुसतं पाणी भरलं तरी काढाच बाहेर येतो," असं धवल म्हणायचा. मला काय कळणार. मला काढा म्हणजे तिखट गरम पाणी.

माझ्या नाकाचा प्रश्न सासूबाईंनी आल्या दिवशीच हातात घेतला. पहिल्या रात्री उशीखाली ओव्याची पुरचुंडी. दुसऱ्या दिवशी ओव्याचा वाफारा. चौथ्या दिवशी त्यांनी तवा तापवला, त्यावर मूठभर ओवा टाकला, आणि माझं डोकं टॉवेलखाली घालून धुरी द्यायला सुरुवात केली. छतावरचा स्मोक अलार्म ठणाणा करायला लागला, मग जिन्यातला, मग वरच्या मजल्यावरचा. आख्खी बिल्डिंग रस्त्यावर. खालच्या मजल्यावरचा मेनेर डे फ्रीस अंघोळीचा टॉवेल गुंडाळून, मास्क मात्र व्यवस्थित लावून उभा. सुकटीनंतरची दुसरी मीटिंग तिथेच फुटपाथवर झाली.

आणि त्या गर्दीत सासूबाई मला विचारत होत्या, "आला का गं वास?"

"नाही आला, आई."

"येईल. ओव्याने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही."

त्या क्षणी मी मनाशी एक गोष्ट पक्की केली. वास येऊ दे. चॉकलेटने येऊ दे, गटाराने येऊ दे, मेनेर डे फ्रीसच्या टॉवेलने येऊ दे. पण ओव्याने येऊ नये. आला तर ते मला मरेपर्यंत ऐकावं लागेल, आणि मेल्यावर तेराव्याला आलेल्यांना ऐकावं लागेल.

नोव्हेंबर उजाडला आणि युरोपने दारं लावून घ्यायला सुरुवात केली. व्हिएन्नाने कुलूप घातलं. ट्यूरिनचं विमान रद्द झालं. ब्रुज-पॅरिसच्या आदल्या आठवड्यात धवलच्या झुइडासच्या ऑफिसात कसलंसं सॉफ्टवेअर कोसळलं आणि त्याच्याबरोबर त्याची सुट्टी. मी दोन आठवड्यांची सुट्टी घेऊन डीमनमध्ये ओला कचरा टाकत बसले.

आणि मग चंद्रहासचा फोन आला. "वहिनी, टेन्शन नको. माझी गाडी आहे ना. शनिवारी अँटवर्प, रविवारी मास्ट्रिख्ट. मी बरोबर असलो की तुला क्वालिटी कळेल."

"मला काहीच कळत नाही, चंद्रहास. तोच तर प्रॉब्लेम आहे."

"म्हणून तर मी हवा. मी पिऊन सांगेन ना तुला कसं आहे ते."

मी फोन ठेवला. मग धवलने तोच फोन उचलून हो सांगितलं, कारण आई दोन महिने घरात बसून कंटाळली होती. म्हणजे चौघं.

शुक्रवारी संध्याकाळी सराव म्हणून आम्ही आम्स्टरडॅममधल्या एका कॅफेत गेलो. तेव्हा आत बसायचं तर फोनवरचा क्यूआर कोड दाखवावा लागायचा. आमचे तिघांचे हिरवे झाले. सासूबाईंनी पर्समधून लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट काढलं. ताटाएवढं. वेटर पोरसवदा होता, त्याने स्कॅन करायला फोन धरला तर त्यात दिव्याचं प्रतिबिंब. त्याने वाकडा धरला, तर त्यात त्याचं स्वतःचं प्रतिबिंब.

"हे ॲप हे ओळखत नाहीये," तो म्हणाला.

"काय म्हणतोय?" सासूबाई.

"चालत नाही म्हणतोय."

"न चालायला काय झालं? पुसून बघ म्हणावं. मुद्दाम जाड प्लास्टिकचं केलंय." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी कोट उतरवला, स्वेटरची बाही वर केली आणि दंड त्याच्या पुढ्यात धरला. "ही बघ. ही देवीची. ही बीसीजी. लहानपणापासून घेतेय मी. धवल, सांग ना त्याला."

धवल मेनू वाचत होता. तो मुलगा मात्र सभ्य. त्याने दंडाकडे नीट बघितलं, मान हलवली, आणि सॉरी म्हणून दार दाखवलं.

म्हणून आम्ही बाहेर कालव्याच्या कठड्यापाशी. चार कपांत गरम दूध आलं, प्रत्येकाबरोबर एक लाकडी काडी, काडीच्या टोकाला चॉकलेटचा ठोकळा. आपणच ढवळायचं.

"म्हणजे हे आपणच करायचं?" सासूबाई म्हणाल्या. "मग यांनी काय केलं? बशी पण नाही दिली."

चंद्रहासने डोळे मिटले. मला कळलंच आता काय येणार.

"चांगलं आहे. पण—"

"बोललास तर कालव्यात ढकलीन," मी म्हटलं.

मी प्यायले. गरम. गोड. तळहात शेकले गेले. बस.

शनिवारी अँटवर्प. चौकातलं लहानसं दुकान, खिडकीतून कप देत होते, समोर ही लांब रांग, दीड-दीड मीटरवर माणसं. आमचे कप मिळाले आणि सासूबाई पाय दुखतात म्हणून दुकानाच्या पायरीवर टेकल्या. मी कप नाकाजवळ धरून अजून वाफच घेत होते. या वाफेत काहीतरी असेल असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं. काहीतरी अंधुक, दुसऱ्या खोलीत कुणी बोलत असल्यासारखं.

"थांबा. कुणी पिऊ नका," चंद्रहास म्हणाला आणि त्याने खिशातून ताप मोजायची बंदूक काढली.

"हे काय?"

"टेंपरेचर, वहिनी. सगळा खेळ टेंपरेचरचा. ट्यूरिनमध्ये ते बरोबर त्या पॉइंटला देतात. आत्या, कप जरा वर धर."

सासूबाईंनी कप तोंडासमोर धरला. चंद्रहासने नेम धरला. पण रांगेतल्या लोकांना कप दिसत नव्हता. त्यांना दिसत होती पायरीवर बसलेली एक म्हातारी बाई आणि तिच्या कपाळावर रोखलेली बंदूक. ती बंदूक माणसांसाठी बनवलेली, उकळत्या चॉकलेटसाठी नाही. ती लाल झाली आणि अँब्युलन्ससारखी ओरडायला लागली. त्या आवाजाने दचकून सासूबाईंचा घोट चुकीच्या नळीत गेला, आणि त्यांना असा ठसका लागला की चौकातली कबुतरं उडाली.

कबुतरांच्या आधी रांग उडाली. एक बाई आपली बाबागाडी विसरून पळाली, मग आठवण होऊन परत आली आणि गाडी घेऊन पळाली. खिडकीतल्या मुलीने शटर अर्धं खाली ओढलं आणि त्या फटीतून हात जोडून आम्हाला जायला सांगितलं. धवल घाईत मागे सरकला तो थेट माझ्यावर. माझा कप अँटवर्पच्या फरश्यांवर.

मी एक घोटसुद्धा घेतला नव्हता.

"माझा अर्धा आहे गं," खोकल्यातून सासूबाई म्हणाल्या. "पण आता तो उष्टा. तुला चालेल का?"

गाडीत कुणी माझ्याशी बोललं नाही. मीच बोलत होते. सीमेपासून घरापर्यंत बोलत होते. बंदुकीवर बोलले, ट्यूरिनवर बोलले, ओल्या कचऱ्यावर बोलले, सुकटीवर बोलले, न वाचता मेनू वाचणाऱ्या माणसांवर बोलले. उट्रेख्तच्या आसपास धवल म्हणाला, "उद्याचं रद्द करूया का?" त्यावरही बोलले.

कारण उद्याचं रद्द करायचं नव्हतं. उद्या शेवटचं होतं. रविवारपासून देशात सगळी कॅफे संध्याकाळी पाचला बंद होणार होती, पुढे काय बंद होईल कुणी सांगावं, आणि माझी सुट्टी संपत होती. मास्ट्रिख्टला एका जुन्या गल्लीत एक म्हातारा तांब्याच्या पातेल्यात अख्खं चॉकलेट वितळवून करतो, तासन्‌तास ढवळतो, असं मी गेले सहा महिने वाचत होते. सगळ्यांची नाकं तिथे जाऊन तृप्त झालेली. माझं म्हणणं एवढंच होतं की आपण वेळेत पोचू.

सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं, पण सगळ्यांचं आवरून ट्रेन पकडेपर्यंत दुपार झाली. आइंडहोव्हनहून चंद्रहासच्या गाडीने जायचं होतं, आणि तो अजून बंदूक चार्ज करत होता. ती बंदूक मी त्याच्या हातातून काढून त्याच्याच फ्रीजमध्ये ठेवली. पुढे एका पेट्रोल पंपावर सासूबाई म्हणाल्या, "उपाशीपोटी ते चॉकलेट नको कुणी प्यायला." आणि त्यांनी डबा उघडला. मेथीचे पराठे, लसणाची चटणी, दही. वाऱ्यात उभं राहून, गाडीच्या बॉनेटवर.

"आई, पाचला बंद होतं."

"मग लवकर खा. आणि हा काढा घ्या सगळ्यांनी. फ्लास्क मोकळा करायचाय मला, परतीला चहा भरून घेऊ."

सगळ्यांनी काढा प्यायला. धवल फ्लास्क घेऊन स्वच्छतागृहात गेला आणि आला.

"धुतलास का रे नीट?"

"हो," धवल म्हणाला. तो हो मी ओळखते. त्याने कचऱ्याची बादलीही अशीच धुतलेली असते.

मास्ट्रिख्टला पोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते. मी गाडी थांबायच्या आत दार उघडून पळत सुटले. गल्ली सापडली, दुकान सापडलं, दिवे चालू होते. म्हातारा खुर्च्या टेबलांवर उलट्या घालत होता. मला बघून म्हणाला, "बंद."

"प्लीज," मी म्हटलं. "मी आम्स्टरडॅमहून आले. मला आठ महिने वास येत नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. अशी वाक्यं तो बहुतेक रोज ऐकत असावा. "पातेल्यात आहे थोडं. पण बसता येणार नाही, पाचला सगळे बाहेर. आणि कागदी कप संपले. भांडं आहे तुमच्याकडे?"

मागून धापा टाकत धवल आला. त्याच्या हातात फ्लास्क.

"धुतलाय ना?" मी परत विचारलं.

"हो गं. तुझ्यासमोरच गेलो होतो ना."

म्हाताऱ्याने पातेलं तिरकं केलं. ते ओतलं जात नव्हतं, सावकाश उतरत होतं, काळंभोर, चकचकीत, पाकाला तार येते तसं. झाकण लागलं, दिवे गेले, दार लागलं.

नदीकाठी एका बाकावर सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या. अंधारून आलं होतं, मास नदीवरून बोचरा वारा. धवलने गाडीतून पराठ्याच्या डब्याच्या वाट्या आणल्या, पुसल्या, आणि चौघांना ओतलं. मी वाटी दोन्ही हातांत धरून बसले. मला प्यायचं नव्हतं. प्यायले की कळणार होतं, आणि यापुढे कुठे जायचं राहिलं नव्हतं.

चंद्रहासने घोट घेतला. डोळे मिटले. मी वाट बघत होते. त्याने आधी दुसरा घोट घेतला.

"वहिनी," तो हळूच म्हणाला. "हे ट्यूरिनच्या तोडीचं आहे."

धवलने मान वर केली. असं वाक्य कुटुंबात पहिल्यांदाच उच्चारलं जात होतं.

"कळतंय का तुम्हाला, त्याने काय केलंय? चॉकलेटच्या मागून एक हर्ब येतो. अगदी नाजूक. थाइम आहे. फ्रेंच पद्धत. हे लोक सांगत नाहीत, सिक्रेट असतं त्यांचं."

"घशाला छान वाटतंय," सासूबाई म्हणाल्या.

"वा," धवल म्हणाला. तो काहीही प्यायला तरी वा म्हणतो.

मी घोट घेतला.

"थाइम कसला डोंबलाचा," मी म्हटलं. "ओवा आहे हा."

"नाही वहिनी, थाइम—"

"ओवा आहे. ओवा, लवंग, सुंठ, आणि तुळशीचा पाला. काढा आहे हा, चंद्रहास. काढ्यात चॉकलेट घातलंय. धवल, तू फ्लास्क धुतलास म्हणालास."

"धुतला की. पाणी घालून हलवला."

"हलवला? झाकणाचं वायसर काढलंस? त्या वायसरमध्ये पहिल्या लाटेचा काढा बसलाय. सहा महिने मी या म्हाताऱ्याबद्दल वाचतेय, त्याने दिवसभर पातेलं ढवळलं, आणि तू ते ओव्यात नेऊन ओतलंस?"

"तुला वाटतंय तसं," चंद्रहास म्हणाला. "ओव्याचा आणि थाइमचा स्वाद जवळचा असतो, पण ज्याला अनुभव आहे त्याला फरक—"

"मला थाइम सांगू नकोस. तू परवा काडीचं दूध ढवळताना काडी चघळलीस."

"माझ्या फ्लास्कला नावं ठेवू नकोस हं," सासूबाई आता सरसावून बसल्या. "दोन वर्षं त्या फ्लास्कने आख्खं घर धरून ठेवलंय. आणि एवढं चांगलं चंदूने शोधून आणलं, त्याला आवडलं, मला आवडलं, धवलला आवडलं. तुला काय त्यातलं कळतंय? तुला तर मेला वाससुद्धा—"

त्या थांबल्या.

नदीवरून एक बोट गेली. चंद्रहासने वाटी खाली ठेवली. धवल माझ्याकडे असा बघत होता की मी पडते की काय आणि झेलायचं कसं.

मी परत वाटीत नाक घातलं. ओवा. तोच, उशीखालचा, टॉवेलखालचा, स्मोक अलार्मचा. सरळ नाकात, मेंदूपर्यंत. मी चिडून दीर्घ श्वास घेतला आणि मग, ओव्याच्या खाली, लवंगेच्या खाली, अगदी तळाशी, भाजकं काहीतरी होतं. दाट. थोडं कडवट. मी डोळे मिटले तर पायाखाली प्लॅटफॉर्म होता.

"इरा?" धवल म्हणाला.

"गप्प बस जरा," मी म्हटलं. "वारा फिरेल."

सगळ्यांनी माझं ऐकलं. म्हणजे साधारण तेवढा वेळ, जेवढा जयंतीबाईंना पर्समधून फोन काढायला लागतो.

"अहो, झोपला होतात का? ऐका. इरावतीला वास आला. हो. आत्ता. ओव्याने. अहो ओव्याने. नाही, धुरी नाही, पोटात घेतला तेव्हा लागू पडला. मी म्हणत नव्हते?"

"आई, ओव्याचा काही संबंध नाही," मी म्हटलं. "आठ महिने झाले. यायचाच होता तो."

"हो का. मग अँटवर्पला का नाही आला? कालव्यावर का नाही आला?" आणि फोनमध्ये, "हो, मानत नाहीये. चालायचंच. तुम्ही दिनकरभावोजींना पण सांगून ठेवा, त्यांच्या विहिणीला येत नाही म्हणत होते. पाव किलो ओवा पाठवा म्हणावं."

मी ठरवलं, यावर घरी गेल्यावर भांडायचं. सविस्तर. वेळ काढून. धवलशी फ्लास्कवरून, चंद्रहासशी थाइमवरून, सासूबाईंशी श्रेयावरून, आणि कचऱ्याची बादली उद्या सकाळपासून कुणाची यावरून. पण आत्ता वाटी रिकामी झाली होती.

"ओत अजून," मी धवलला म्हटलं.

"आवडलं?"

"घाण आहे. असलं घाणेरडं हॉट चॉकलेट युरोपात कुठे मिळणार नाही. ओत."

त्याने ओतलं. मी शिव्या देत प्यायले, प्रत्येक घोटाला वेगळी. मग तिसरी वाटी. सासूबाई फोन कानाला लावून हात नाचवत होत्या, बाकाच्या टोकापर्यंत ओव्याची ख्याती पोचली होती. चंद्रहास शेजारी येऊन टेकला.

"पण वहिनी, एक मान्य कर. ट्यूरिनच्या तोडीचं आहे की नाही?"

फ्लास्कात शेवटचं वाटीभर उरलं होतं. त्याचं डोकं अगदी हाताशी होतं, टोपीशिवाय, वर विरळ केस. मी त्याच्याकडे बघितलं, फ्लास्ककडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे बघितलं. आणि झाकण उघडून उभ्या उभ्या तळापर्यंत प्यायले. त्याच्या डोक्यावर वाया घालवायला त्यातला एक थेंबसुद्धा मला परवडणार नव्हता.